मागे कायम चारशे किलो

वडील गेल्यावर चौथ्या महिन्यात आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या पाठीच्या खालच्या मणक्याला चीर गेली. ऑपरेशनची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाड आपलं आपण जुळेल, पण या अंथरुणाला खिळल्या तर पुढे सगळंच अवघड होऊन बसेल. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, एकही वार चुकवू नका. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "धक्के मात्र बसता कामा नयेत हं."

त्यांचं सांगून झालं. घरापासून दवाखान्यापर्यंत सात गतिरोधक होते, आणि ते ज्याने घातले त्याच्या मनात कुणाचा तरी जुना राग असावा असे होते.

टॅक्सी करून पाहिली. टॅक्सीच्या खोलगट सीटवरून उठताना आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. धाकटा, म्हणजे तिचा मुलगा, दूरच्या शहरातून फोनवर म्हणाला, रुग्णवाहिका ठरवतो. आई म्हणाली, "अजून मेले नाही मी. आडवी घालून नेऊ नका." मग उरली ती वडिलांची गाडी. सत्तावीस वर्षांची, चौकोनी, उंच. घरात तिला सगळे पेटी म्हणत. पेटीची मागची सीट बरोबर आईच्या कमरेइतकी उंच होती. पाठ करून टेकायचं, थोरल्या मुलीने पाय उचलून आत घ्यायचे, की झालं. वाकणं नाही, उठणं नाही.

आई कायम मागेच बसत आलेली. वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. गिरण्या, गुदामं, भंगारवाले, जिथे जिथे काटा तिथे तिथे ते. पुढच्या सीटवर त्यांच्या नाजूक तराजूची काचेची पेटी पट्ट्याने बांधलेली असे. "पुढची सीट तराजूची, मागची बायकोची," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि वडील म्हणायचे, "तराजू बोलत नाही ना, म्हणून पुढे."

तर पेटीतून आईला पहिल्यांदा नेलं त्या दिवशी पहिल्या गतिरोधकावर तिने ओठ आवळले. दुसऱ्यावर ती ओरडली. थोरलीने आयुष्यात आईला ओरडताना ऐकलं नव्हतं, ना बाळंतपणाच्या गोष्टींत, ना वडील गेले त्या दिवशी. तिने गाडी तिथूनच वळवली. दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा आईने दाराच्या चौकटीला धरलं ते सोडलंच नाही. "मी घरीच करीन हातपाय हलवायचे. कागदावर चित्रं काढून दिलीयत ना त्यांनी?" कागद उशीखाली गेला तो तिथेच राहिला. पहिल्या आठवड्यात आई गॅलरीपर्यंत एकटी जात होती. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघरापर्यंत, हात धरून. मग एके सकाळी म्हणाली, "ते भांडं मिळतं ना गं, पलंगावरच वापरायचं? ते आण."

थोरलीने ते आणलं नाही. ती म्हणाली, "आधी गाडी नीट करते."

"अगं, सत्तावीस वर्षांचं खटारं ते," धाकटा फोनवर म्हणाला. "ताई, तू उगाच त्यात जीव अडकवू नकोस. विकून टाकू आणि दुसरी घेऊ. मी महिनाअखेर येतो."

"महिनाअखेर ती पलंगावरून उतरणार नाही."

"मग शॉकअप बदल. शॉकअप गेले असतील."

सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गाडीचा कोपरा दाबून पाहिला आणि मान हलवली. पेट्रोल भरणारा म्हणाला, शॉकअप. दूधवाल्याचं गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, पण तोही म्हणाला, शॉकअप.

थोरली मुद्रितशोधक होती. दहा वर्षं तिने दुसऱ्यांची पुस्तकं शब्दाशब्दाने वाचली होती, आणि जे काही करायचं ते आधी वाचून करायचं ही तिची सवय. कंपनीने या मॉडेलचे भाग बनवायचं थांबवून बारा वर्षं झाली होती. आता जे मिळत होतं ते बाहेरच्या कारखान्यांचं. त्याची माहितीपत्रकं तिने छापून काढली, पेन्सिलीने खुणा केल्या, रकाने आखले. तेलाचे शॉकअप, गॅसचे शॉकअप. पुढचे पाटे, मागचे पाटे. रबराचे बुश, आणि रबरापेक्षा टणक दुसरे कसले तरी बुश. एका पत्रकावर लिहिलं होतं, 'खडतर वाटांसाठी.' दुसऱ्यावर, 'रोजच्या प्रवासासाठी.' आजारी माणसासाठी असं कुणीच लिहिलं नव्हतं. तीन दिवसांत ती एवढं शिकली की गाडी खाली ज्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या थरांवर बसते ते पाटे, पाटा धक्का झेलतो, आणि झेलल्यावर त्याने थुईथुई नाचू नये म्हणून शॉकअप त्याला आवरतो. हे तिला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. वडील गाडीखाली जायचे तेव्हा पाने हातात द्यायला तीच उभी असायची. पण तेव्हा ती दुसऱ्या हातात पुस्तक धरून वाचत असे.

पार्टवाल्याचं दुकान लांबट होतं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. काउंटरवर तेलाने काळी पडलेली काच, तिच्याखाली कॅलेंडरं. पार्टवाला चष्मा कपाळावर ठेवून बोलत होता आणि लिहिताना तो खाली पाडत होता.

थोरलीने रकान्यांचा कागद पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला.

"मॅडम, हे तुम्ही केलं? इतकं तर मालकही बघत नाहीत आमचे."

"आईला न्यायचंय. पाठीचं दुखणं आहे. धक्का बसायला नको."

"बसणार नाही. एक सांगा फक्त. पाटे कुठले द्यायचे ते त्यावर ठरतं. गाडीत कायम वजन किती असतं?"

"मागे कायम चारशे किलो," थोरली म्हणाली.

हे उत्तर द्यायला तिला विचार करावा लागला नाही. आपला फोन नंबर सांगतो तसं ते आलं. वडील प्रत्येक मेकॅनिकला, टायरवाल्याला, हवा भरणाऱ्याला गाडीतून उतरायच्या आधी हेच सांगायचे. 'मागे कायम चारशे किलो, विसरायचं नाही.' वीस-वीस किलोची वीस बिडाची वजनं, काटे तपासायची, मागच्या सीटच्या पाठीमागे बोल्टने बसवलेल्या लाकडी खणात ओळीने उभी. थोरली अकरा वर्षांची होती तेव्हा एकदा वडील विसरले आणि तीच गाडीच्या खिडकीतून ओरडली होती. त्यावर हवावाला हसला होता आणि वडिलांनी तिला मान डोलावून शाबासकी दिली होती.

"मग भारी वजनाचेच पाटे घ्या," पार्टवाला म्हणाला. चष्मा खाली आला, त्याने लिहिलं. "आणि शॉकअप गॅसचे. तेलाचे चारशे किलोला पुरणार नाहीत, हां."

माहितीपत्रकातही तेच होतं. तिने पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

नवे पाटे, नवे शॉकअप पार्टवाल्याच्याच माणसाने दुसऱ्या दिवशी बसवून दिले. पेटी मागून चांगली वीतभर उंच दिसायला लागली, एखाद्या जनावराने शेपटी वर केल्यासारखी. थोरलीला ते बरं वाटलं. तिने आईची समजूत घातली, पाठीला दोन उशा लावल्या, पट्टा बांधला.

पहिला गतिरोधक तिने मुंगीच्या चालीने ओलांडला. मागे काहीच आवाज आला नाही म्हणून तिने आरशात पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता.

घरी पलंगावर पडल्यावर बऱ्याच वेळाने आई बोलली. "ह्यांनी मला कधी असं नेलं नाही." तिने भिंतीकडे तोंड केलं. "तू राहू दे आता. ते भांडं आण."

थोरली स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सहातले तीन आठवडे गेले होते. कागदावरचं एकेक तिने पडताळून पाहिलं होतं, एकही चूक नव्हती.

पाटेवाल्यांचा पत्ता तिला टॅक्सीवाल्याने दिला. ट्रकच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीजवळ एक सत्तरीचे गृहस्थ स्टुलावर बसले होते. तळवे ढोलकीच्या कातड्यासारखे. ते नवीन भाग विकत नव्हते. जुने पाटे उघडायचे, घासायचे, कमान द्यायची, पुन्हा बांधायचे. भिंतीला शेकडो पाटे उभे करून ठेवलेले होते, लांब, आखूड, गंजलेले, काही निळसर.

"काका, गाडी फार आपटते," ती म्हणाली. "सगळं नवीन घातलंय."

"नवीन म्हणूनच आपटत असेल," ते म्हणाले, आणि उठून गाडीच्या मागे गेले. वाकले नाहीत, नुसते पाहत राहिले. मग मागचं दार उघडलं. रिकाम्या लाकडी खणावरून हात फिरवला. खणाच्या तळाला वीस गोल डाग होते, बिडाच्या बुडाचे.

"ताई, इथे काय असायचं?"

"वजनं. काटे तपासायची. वडिलांची."

"किती?"

"चारशे किलो."

"मग आता कुठायत?"

वजनं कुठे आहेत हे थोरलीला चांगलं माहीत होतं. वडील गेले त्याच महिन्यात धाकट्याने ती वडिलांच्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकली होती. दोन माणसं गाडीपाशी आली, एकेक उचलून नेलं. तिने स्वतः उभं राहून विसाच्या वीस मोजली होती आणि कागदावर सही केली होती.

"दिली," ती म्हणाली. "चार महिने झाले."

"आणि पाटे घेताना काय सांगितलंत?"

"चारशे किलो."

पाटेवाले हसले नाहीत, याबद्दल तिला नंतर बरेच दिवस त्यांचे आभार मानावेसे वाटले. त्यांनी जमिनीवरून एक सुटा पाटा उचलला, एक टोक स्टुलावर आणि दुसरं विटेवर टेकवलं, आणि मध्ये बोटाने दाबलं. पाटा जागचा हलला नाही. मग त्यावर बूड टेकून बसले. पाटा लवला, वर आला, पुन्हा लवला.

"पाटा वाकतो म्हणून धक्का खातो. वाकायला त्याला वजन लागतं. तुमच्या वडिलांनी चारशे किलोसाठी बांधून घेतले होते, ते त्या वजनाखाली गादीसारखे चालायचे. वजन काढलं, आणि वर तुम्ही त्याहून कडक आणून घातले. आता तुमच्या आई लोखंडी बाकावर बसल्यात, दुसरं काही नाही. जुन्यांना काही रोग नव्हता."

"जुने पार्टवाल्याकडेच राहिले."

"राहू द्या. किती होते?"

"नऊ. कंपनीचे सहा. बाबांनी काम वाढलं तसे एकेक करून वाढवले."

हे मात्र तिला पाठ होतं. सातवा ती शाळेत जायला लागली तेव्हा, आठवा धाकटा झाला तेव्हा, नववा घर घेतलं त्या वर्षी.

"मी वजनं परत आणते," ती एकदम म्हणाली. "जोडीदारकाका देतील. नाहीतर वाळूची पोती ठेवते खणात. म्हणजे गाडी होती तशी होईल."

"होईल की," पाटेवाले म्हणाले. "कशी नाही होणार? लोणी होईल." ते पुन्हा स्टुलावर बसले. "तुम्ही काय करता, ताई?"

"पुस्तकं तपासते. छापायच्या आधी."

"त्याला सामान काय लागतं?"

"पेन्सिल."

"बस? मग पेन्सिलीसाठी पाटे लावू आपण. तुमच्या वडिलांचं पोट त्या चारशे किलोवर होतं, म्हणून ते ओढत होते. उद्या आईंना घेऊन चाललात, पुढे कोणी आडवं आलं, तर चारशे किलो मागून ढकलणार आणि ब्रेक तुम्ही दाबणार. त्यांचे पाय होते तसे. तुमचे आहेत?"

थोरलीने खणातल्या गोल डागांकडे पाहिलं. वडील गाडी चालवताना नेहमी एक सिग्नल आधीच वेग कमी करत, आणि मागच्याने हॉर्न वाजवला की म्हणत, 'अरे बाबा, आम्ही पाच जण आहोत.' पाचवा कोण ते लहानपणी तिला कळायचं नाही.

"काढा," ती म्हणाली.

"किती काढू?"

"तुम्ही सांगाल तितके."

"मी सांगून चालत नाही. बसणारा सांगतो. बोलवा आईंना."

"ती येऊ शकत असती तर मी इथे कशाला आले असते, काका?"

पाटेवाले जरा विचारात पडले. मग त्यांनी समजावलं की पाटे बांधून शेवटचे बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, रोजची माणसं रोजच्या जागी बसलेली असताना. हवेत लटकत्या गाडीला आवळले तर आतलं रबर पीळ खाऊन बसतं आणि जन्मभर कुरकुरतं. निम्मे लोक तिथेच चुकतात. "आईंचं वजन तरी सांगा."

थोरलीला ते माहीत नव्हतं. काटेवाल्याच्या घरात एकही काटा नव्हता. तिने फोन लावला.

"आई, तुझं वजन किती?"

"काय?"

"वजन. किलोमध्ये."

"कशाला गं? चाळीस वर्षं ह्यांना सांगितलं नाही, ते तुला सांगू? हे मला गोदामातल्या काट्यावर उभी करायला बघायचे, मी पळून जायचे."

"गाडीसाठी हवंय."

"कोण विचारतंय? तो मेकॅनिक? बाजूलाच उभा असेल."

"आहेत. म्हातारे आहेत."

"म्हणून काय झालं?" मग आईने आवाज खाली आणला. "हॉस्पिटलात केलं होतं. चौपन्न. पण त्यांना सांग, पडायच्या आधी साठ होतं. आजारपणात उतरलंय."

थोरलीने तेही सांगितलं. पाटेवाल्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मग शेडच्या कोपऱ्यातून एक जुना गिअरबॉक्स लोखंडी गाड्यावर घालून आणला. "हा बावन्नचा. भंगारात द्यायला मोजून ठेवलाय." वर्तमानपत्र पसरून तो आईच्या जागी ठेवला, वर दोन पाने ठेवले, आणि पट्टा बांधला.

दुपार त्यातच गेली. नव्या संचातले तीन पाटे त्यांनी काढले. उरलेल्यांची टोकं कानशीने गोल केली, पाट्या-पाट्यांत काळं वंगण भरलं. गॅसचे शॉकअप उतरवून तेलाचे साधे चढवले. कडक वाटतात म्हणून लोक काढून गेलेले चांगले शॉकअप त्यांच्याकडे फडताळभर होते, आणि मऊ वाटतात म्हणून काढलेलेही. गाडी खाली उतरवली, चाकांवर उभी केली. मग ते पाना घेऊन आडवे झाले आणि खालून त्यांचा आवाज आला.

"ताई, बसा तुमच्या जागी."

ती चालकाच्या जागी बसली.

"आई बसल्या मागे. पुढे शेजारी कोण?"

"कोणी नाही."

"काही सामान? पेटी, पिशवी? कायमचं?"

"काही नाही."

"मागच्या खणात?"

"काका, काही नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघीच."

"बरं. हलू नका मग," ते म्हणाले, आणि बोल्ट आवळायला लागले. प्रत्येक आवळण्याबरोबर गाडी किंचित थरथरत होती. थोरलीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या पाट्यांच्या भिंतीकडे पाहत हललीच नाही. डोळ्यांतून येत होतं ते पुसायलाही हात उचलला नाही. काम होईपर्यंत ते वाहून गेलं, आणि पाटेवाले खालून निघाले तेव्हा त्यांनी आधी स्वतःचाच चेहरा फडक्याने नीट पुसला.

दुसऱ्या दिवशी आईला उठवायला अर्धा तास लागला. ती यायला तयार नव्हतीच. शेवटी थोरली म्हणाली, "पहिल्या गतिरोधकापर्यंत. दुखलं तर परत. पुन्हा कधी विचारणार नाही, भांडं आणीन."

"शपथ?"

"शपथ."

आई पाठ करून सीटवर टेकली. सीट आता चार बोटं खाली आली होती, तिचे पाय जमिनीला पुरत होते. "हे काय, वर्तमानपत्राची शाई लागलीय इथे."

"काल तुझ्या जागी गिअरबॉक्स बसवला होता."

"माझ्या जागी?" आई हसली, पाठीत कळ आली, तोंड वाकडं करून पुन्हा हसली. "कुणी बघितलं नाही ना?"

पहिला गतिरोधक आला. थोरलीने गाडी जवळजवळ थांबवली. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची. पेटी मागून हळूच खाली बसली आणि वर आली, एकदाच. थोरलीने आरशात पाहिलं नाही. तिला धीर झाला नाही.

"परत वळू?"

आईने खिडकीच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती, ते न बघताही आरशाच्या कडेला दिसत होतं.

"आई?"

"जा पुढे."

दुसऱ्यावर, जिथे ती ओरडली होती तिथे, आईने श्वास रोखल्याचं ऐकू आलं आणि सोडल्याचंही. तिसऱ्यावर कडीवर एकच हात होता. चौथ्या गतिरोधकाच्या अलीकडे थोरलीने पहिल्या गिअरमध्ये आणून गाडी बैलाच्या चालीवर आणली. मागे तीन गाड्या तुंबल्या, एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने.

"अगं," आई मागून म्हणाली, "चालव की जरा. साडेदहाची वेळ दिलीय त्यांनी, तिथे पोचेपर्यंत माझ्या नंबरावर दुसरी कोणी जाऊन बसेल."

थोरलीने गिअर बदलला.